पार्लरमध्ये जमते ते घरी का जमत नाही? केसांच्या स्टायलिंगमागचे विज्ञान, खर्च आणि धोके, सोप्या भाषेत

यंत्र तेच, व्हिडिओ पाहिलेला, तरी वळवलेली बट तासाभरात सरळ. असे का होते? कोणते काम घरी करावे, कोणते अजिबात करू नये आणि पार्लरच्या खुर्चीत बसण्यापूर्वी काय विचारावे?

पुरुषोत्तमनगर (ता. शहादा) : सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्यामुळे ओळखल्या जाणाऱ्या या वसाहतीत उसाचा गळीत हंगाम आणि लग्नसराई साधारण एकाच वेळी रंगात येतात. उसाच्या गाड्या कारखान्याकडे वळतात आणि लग्नघरातल्या मुली शहाद्याच्या पार्लरकडे. नवरीचे बुकिंग आधीच झालेले असते. प्रश्न असतो तो करवलीचा, वहिनीचा, मावशीचा. प्रत्येकीने पार्लर गाठायचे तर खर्चही मोठा आणि वेळही. मग घरात एक स्ट्रेटनर येतो, मोबाइलवर व्हिडिओ लागतो आणि हळदीच्या दिवशी आरशासमोर रांग लागते.

निकाल बहुतेक घरांत सारखाच. समोरच्या बटा छान, मागचे केस तसेच. दुपारी वळवलेले केस टाळी लागेपर्यंत उतरलेले. कुठे तरी करपल्याचा वास. उलट पार्लरमधून आलेल्या नवरीचा अंबाडा पाठवणीपर्यंत जागचा हलत नाही.

यात जादू नाही. थोडे रसायनशास्त्र आहे, थोडी वीज आहे आणि बराचसा हाताचा सराव आहे. एकेक मुद्दा पाहू.

केस वळतो म्हणजे नेमके काय होते?

केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. या प्रथिनाच्या लांब साखळ्यांना एकमेकींशी बांधून ठेवणारे बंध असतात. स्टायलिंग समजून घ्यायला त्यातले दोन पुरेसे आहेत.

• हायड्रोजन बंध : कच्चे, पण संख्येने प्रचंड. पाणी लागले की सुटतात, केस वाळला की पुन्हा जुळतात. रात्री ओल्या केसांची वेणी घालून झोपले की सकाळी केस लाटांसारखे दिसतात, ते यामुळेच. ड्रायर, स्ट्रेटनर, टॉन्ग ही सगळी यंत्रे याच बंधांशी खेळतात. म्हणून हा बदल तात्पुरता असतो. घाम, पाऊस किंवा अंघोळ झाली की केस मूळ वळणावर येतो.

• डायसल्फाइड बंध : पक्के. पाण्याने किंवा साध्या उष्णतेने सुटत नाहीत. ते तोडायला रसायन लागते. रिबॉन्डिंग आणि पर्मिंगमध्ये हेच केले जाते. म्हणून तो बदल कायमचा असतो. मुळातून येणारा नवा केस मात्र जुन्याच वळणाचा येतो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. त्यामुळे काही महिन्यांत मुळाशी वेगळे आणि टोकाशी वेगळे असे दोन प्रकारचे केस दिसू लागतात.

आता घरची पहिली चूक कळेल. केसाला नवा आकार मिळतो तो गरम असताना. तो टिकतो मात्र गार झाल्यावर. चिक्की गरम असताना हवी तशी लाटता येते, गार झाली की कडक होते, तसेच. पार्लरमध्ये टॉन्गवरून काढलेली बट लगेच मोकळी सोडत नाहीत. ती गुंडाळलेली असतानाच तिला क्लिप लावतात, पूर्ण गार होऊ देतात आणि मग सोडतात. घरी गरम बट सोडली, वर लगेच कंगवा फिरवला, की आकार धरण्याआधीच मोडला.

ड्रायर : फरक वॅटचा आणि अंतराचा

पार्लरमधले ड्रायर साधारण २००० वॅटचे किंवा त्याहून मोठे असतात. घरगुती ड्रायर बहुधा १००० ते १२०० वॅटचे. जास्त वॅट म्हणजे केवळ जास्त गरम हवा, असे नाही. पार्लरच्या ड्रायरचा मुख्य फायदा हवेच्या जोरात आहे. जोराच्या हवेने केसांवरचे पाणी उडून जाते, त्यामुळे उष्णता कमी वेळ द्यावी लागते.

मग घरीही २००० वॅटचा ड्रायर आणावा का? आधी भिंतीवरचा प्लग पाहा. २००० वॅटचा ड्रायर २३० व्होल्टवर जवळपास ८.७ अँपिअर वीज ओढतो. घरातला लहान प्लग ६ अँपिअरचा असतो, म्हणजे त्याची मर्यादा सुमारे १३८० वॅट. मोठा ड्रायर अॅडॉप्टर लावून लहान प्लगमध्ये घातला तर प्लग तापतो, काळा पडतो, वितळूही शकतो. त्यासाठी गिझर किंवा एसीला असतो तसा १६ अँपिअरचा मोठा प्लगच हवा. लग्नघरात एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर ड्रायर, इस्त्री आणि लाइटिंगच्या माळा जोडण्याचा मोह तर टाळायलाच हवा.

वीजबिलाची भीती मात्र नको. २००० वॅटचा ड्रायर १५ मिनिटे चालला तर अर्धा युनिट वीज लागते.

दुसरा मुद्दा अंतराचा. दक्षिण कोरियातील संशोधकांनी २०११ मध्ये ‘अॅनल्स ऑफ डर्मेटोलॉजी’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. ड्रायर केसांपासून १५ सेंटिमीटरवर धरला तेव्हा तापमान ४७ अंश सेल्सिअस होते, १० सेंटिमीटरवर ६१ अंश आणि ५ सेंटिमीटरवर ९५ अंश. अंतर कमी होत गेले तसे केसाच्या पृष्ठभागाचे नुकसान वाढत गेले. या अभ्यासात आणखी एक अनपेक्षित गोष्ट दिसली. ड्रायर न वापरता आपोआप वाळू दिलेल्या केसांत पृष्ठभाग चांगला राहिला, पण आतल्या पेशी जोडून ठेवणाऱ्या थराला इजा झालेली आढळली. केस फार वेळ ओला राहणेही चांगले नाही, असा त्याचा अर्थ संशोधकांनी लावला. त्यांच्या मते १५ सेंटिमीटरवरून, सतत हलवत ठेवलेला ड्रायर हा तुलनेने कमी नुकसानीचा मार्ग आहे. १५ सेंटिमीटर म्हणजे साधारण शाळेतली छोटी पट्टी.

तिसरा मुद्दा दिशेचा. केसाच्या सर्वांत बाहेरच्या थराची रचना कौलारू छपरासारखी असते. एकावर एक चढलेली कौले मुळाकडून टोकाकडे उतरत जातात. हवा त्याच दिशेने दिली तर कौले बसतात आणि केस चमकतो. खालून वर किंवा चहूबाजूंनी हवा मारली तर कौले उचकटतात आणि केस फुलून भुरभुरीत दिसतात. ड्रायरसोबत मिळणारे चपटे तोंड हवेला दिशा देण्यासाठी असते. बहुतेक घरांत ते खोक्यातच राहते.

स्ट्रेटनर : ओल्या केसांवर कधीच नको

केस करपतात ते बहुधा इथे. पाणी १०० अंशांना उकळते. स्ट्रेटनरची पट्टी १८० अंशांच्या आसपास तापलेली असते. ओला किंवा दमट केस त्यात धरला की आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते. तिला बाहेर पडायला वाट नसते. ती केसाच्या आतच बुडबुडे तयार करते. सूक्ष्मदर्शकाखाली असा केस ठिकठिकाणी पोकळ झालेला दिसतो आणि त्याच जागी तो तुटतो. ‘चर्रर्र’ आवाज आला तर समजावे, केस वाळलेला नव्हता.

सर्वसाधारण नियम असा आहे.

• बारीक, रंगवलेले किंवा आधीच कमजोर केस : १५० ते १६० अंश
• मध्यम केस : १७० ते १८० अंश
• जाड, घट्ट कुरळे केस : १९० ते २०० अंश, त्याहून जास्त नाही

स्वस्त स्ट्रेटनरवर तापमानाचा आकडाच नसतो. एकच बटण, चालू आणि बंद. तो किती तापला हे कळायला मार्ग नसतो. शिवाय पट्टी एकसारखी तापत नसेल तर बटेचा एक भाग सरळ होत नाही आणि दुसरा करपतो. मग तीच बट चार-पाच वेळा दाबली जाते. सराव असलेली व्यक्ती पातळ बट घेते आणि एका संथ ओढीत काम संपवते. एक बट, जास्तीत जास्त दोन फेऱ्या, हा नियम घरी पाळला तरी बरेच नुकसान टळेल. तापमानाची सोय असलेले यंत्र घेणे आणि उष्णतेपासून बचाव करणारा स्प्रे किंवा सिरम आधी लावणे, एवढे दोन खर्च करण्यासारखे आहेत.

गंगावन किंवा एक्स्टेन्शन लावणार असाल तर आणखी एक खबरदारी. खऱ्या केसांचे गंगावन उष्णता सहन करते. कृत्रिम धाग्याचे साध्या प्रकारचे गंगावन स्ट्रेटनरला लागताच वितळते. खरेदी करतानाच विचारून घ्यावे.

हात, आरसा आणि कंटाळा

यंत्रे सारखी मिळाली तरी एक फरक उरतोच. आपल्याला आपले डोके मागून दिसत नाही. आरशात डावे-उजवे उलटे दिसते. हात डोक्याच्या वर धरून दहा मिनिटांत खांदे भरून येतात. मग मागचे केस जाड जाड बटांमध्ये उरकले जातात. पार्लरमधील व्यक्ती चारही बाजूंनी फिरते, दोन्ही हात मोकळे ठेवते आणि केसांचे आधी भाग पाडते. क्लिपा लावून डोक्याचे चार ते सहा भाग, त्यातून एका वेळी एक पातळ थर, खालून वर. घरी हे भाग पाडणेच वगळले जाते.

अंबाड्याचेही तसेच. टिकाऊ अंबाडा वरून दिसतो तो नव्हे. त्याच्या आत पाया असतो. मुळाशी उलटा कंगवा मारून आणलेला फुगवटा, घट्ट बांधलेला पोनी, त्याभोवती स्टफिंग, मग काटे. काटा सरळ आत खुपसला तर निसटतो. आधी बाहेरच्या बाजूला थोडे केस पकडून, मग वळवून आत सरकवला तर अडकतो. गजऱ्याचे वजन पडणार असेल तर त्याचे काटे वेगळे लावतात. हे व्हिडिओत दिसते, पण बोटांना यायला शंभर डोकी लागतात.

उपाय सोपा आहे : स्वतःचे केस स्वतः करू नका. बहिणी-बहिणींनी एकमेकींचे करावेत. आपल्याकडे खोपा, तिपेडी आणि पाचपेडी वेण्या अशाच तर घातल्या गेल्या. एक पुढे बसायची, दुसरी मागे. साध्या वेणीसाठी आणि खोप्यासाठी घरातल्या आजीचा हात आजही पार्लरच्या तोडीचा ठरतो.

बोअरचे पाणी किती आडवे येते?

महाराष्ट्राचा बराच भाग काळ्या बेसॉल्ट खडकावर वसलेला आहे. विहिरी आणि बोअरच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार उतरतात. पाणी जड होते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो.

जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, उलट चिकट साका तयार होतो आणि तो केसांवर बसतो. शाम्पूचा साका तुलनेने कमी बसतो, म्हणून अंगाच्या साबणाने केस धुणे टाळावे. क्षारांचा थर बसलेला केस खरखरीत लागतो, रंग नीट धरत नाही आणि स्टायलिंगही पटकन उतरते. घरी करण्यासारखा उपाय म्हणजे केस धुतल्यावर शेवटचे एक-दोन तांबे फिल्टरच्या पाण्याचे घ्यावेत. मात्र आरओ यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी त्यासाठी वापरू नये. त्यात क्षार उलट जास्त असतात.

पाण्यामुळे केस खराब दिसणे आणि केस अचानक झडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस काही दिवसांत गळून टक्कल पडू लागले. सुरुवातीला संशय पाण्यावर आणि शाम्पूवर गेला. आयसीएमआरचे पथक गावांत पोहोचले. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपल्या तपासणीनंतर रेशनच्या गव्हातील सेलेनियमकडे बोट दाखवले. दिवसाला ५० ते १०० केस गळणे सामान्य मानले जाते. झुपकेच्या झुपके हातात येऊ लागले तर पार्लर नव्हे, त्वचारोगतज्ज्ञ गाठावा.

तेल : इथे घराचे पारडे जड

सगळेच काही पार्लरमध्ये चांगले होते असे नाही. मुंबईतील मॅरिको कंपनीच्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले या संशोधकांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. धुण्यापूर्वी किंवा धुतल्यानंतर लावल्यावर केसांतील प्रथिनांची झीज लक्षणीय कमी करणारे तेल एकच निघाले, ते म्हणजे खोबरेल. त्याचे रेणू लहान आणि सरळ असल्याने ते केसाच्या आत शिरू शकते, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले. ही कंपनी स्वतः खोबरेल विकते, हे ध्यानात ठेवून हा निष्कर्ष वाचावा. तरीही हा अभ्यास जगभरच्या केसविषयक लेखनात आजही दाखल्यासाठी घेतला जातो.

म्हणजे केस धुण्याच्या आदल्या रात्री चंपी करण्याची घरची पद्धत योग्यच आहे. फक्त स्टायलिंगच्या दिवशी तेल नको. तेलकट केसावर आकार बसत नाही आणि गरम पट्टीखाली तेल तापून त्रास वाढतो. अंबाड्यासाठी केस आदल्या दिवशी धुतलेले असावेत. अगदी ताजे धुतलेले केस निसरडे असतात, काटे धरत नाहीत.

रंग आणि रिबॉन्डिंग : इथे घरचा प्रयोग नको

रंगाच्या पाकिटात सोबत येणाऱ्या बाटलीत हायड्रोजन पेरॉक्साइड असते. पार्लरमध्ये त्याच्या वेगवेगळ्या तीव्रता वापरतात : १० व्हॉल्यूम म्हणजे ३ टक्के, २० म्हणजे ६ टक्के, ३० म्हणजे ९ टक्के. पांढरे केस झाकायचे की रंग उजळ करायचा, यावर तीव्रता ठरते. मुळाजवळ डोक्याच्या उष्णतेने रंग लवकर चढतो, म्हणून उजळ रंग करताना मुळांना शेवटी लावतात. घरच्या पाकिटात बहुधा एकच तीव्रता असते आणि ती सगळ्या केसांना एकदम लागते. मग मुळे भडक आणि टोके काळी दिसतात.

दोन गोष्टी तर हमखास फसवतात.

• रंगावर रंग लावून केस उजळत नाहीत. आधी काळा रंग लावलेल्या केसांवर सोनेरी किंवा तपकिरी रंग चढत नाही. आधीचा रंग काढावा लागतो.

• ‘काळी मेंदी’ ही बहुधा केवळ मेंदी नसते. त्यात पीपीडी हे रसायन असू शकते, त्याने काही जणांना तीव्र अॅलर्जी होते. पाकिटावर लिहिलेली ४८ तासांची चाचणी म्हणूनच असते. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडा रंग लावून दोन दिवस थांबायचे. खाज किंवा सूज आली तर तो रंग वापरायचा नाही. आधी कधी त्रास झाला नाही म्हणून पुढे होणार नाही, असे नसते.

पूर्वी मेंदी, काळी मेंदी किंवा कोणताही रंग लावला असेल तर पार्लरमध्ये ते आधीच सांगावे. मिश्र मेंदीत धातूंचे क्षार असतील तर पेरॉक्साइड लागल्यावर केस तापून तुटू शकतात.

रिबॉन्डिंगमध्ये थायोग्लायकोलेट वर्गातले रसायन पक्के बंध तोडते, केस सरळ केला जातो आणि मग पेरॉक्साइडने ते बंध पुन्हा जोडले जातात. पहिला टप्पा पाच-दहा मिनिटे लांबला तरी केस रबरासारखा ताणला जाऊन तुटतो. हात लावून, बट ताणून वेळ ओळखावी लागते. हे काम व्हिडिओ पाहून करण्याचे नाही. लग्नाच्या आठवड्यात तर पार्लरमध्येही पहिल्यांदा करू नये.

मग पार्लर म्हणजे सुरक्षित, असे समजायचे का?

नाही. धोके तिथेही आहेत, फक्त वेगळे आहेत.

‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मार्च २०२४ मध्ये २६ वर्षांच्या एका तरुणीचे प्रकरण प्रसिद्ध झाले. तिने सलूनमध्ये तीनदा केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडाला तीव्र इजा झाली. वापरलेल्या क्रीममध्ये ग्लायऑक्सिलिक आम्ल होते. डॉक्टरांनी उंदरांवर प्रयोग करून त्याचा संबंध दाखवला. ‘फॉर्मॅल्डिहाइड नाही’ असे लिहिलेल्या काही उत्पादनांत पर्याय म्हणून हेच आम्ल असते. आणि फॉर्मॅल्डिहाइड तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलेले आहे. ‘केराटिन’ करताना डोळे चुरचुरत असतील, घसा खवखवत असेल, तर उठून बाहेर मोकळ्या हवेत जावे. हा धूर सर्वाधिक कोणाच्या नाकात जातो? दिवसभर तिथेच उभ्या असणाऱ्या कारागिराच्या.

दुसरा धोका बेसिनचा. केस धुताना मान फार मागे वाकवली तर मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीवर ताण येऊ शकतो. १९९३ मध्ये अमेरिकी डॉक्टर मायकेल वाइनट्रॉब यांनी याला ‘ब्युटी पार्लर स्ट्रोक’ असे नाव दिले. २०२२ मध्ये हैदराबादेत ५० वर्षांच्या एका महिलेला सलूनमध्ये केस धुताना त्रास सुरू झाला आणि तो पक्षाघात असल्याचे निदान झाले. प्रकार दुर्मीळ आहे, पण मानेखाली टॉवेलची गुंडाळी मागायला पैसे पडत नाहीत. चक्कर, मळमळ किंवा मान अवघडल्यासारखे वाटले तर लगेच उठून बसावे.

तिसरा धोका पुरुषांच्या सलूनमधला. एकाच पात्याने अनेकांची दाढी किंवा कल्ले कोरले तर हिपॅटायटिस बी आणि सी चे विषाणू पसरू शकतात. नवे पाते आपल्यासमोर बसवायला सांगणे हा अपमान नाही. कोणत्याही चांगल्या कारागिराला त्यात वावगे वाटत नाही.

हातात कला असलेल्यांचे मोल

हा फरक राज्याने एकदा एकाच वेळी अनुभवला आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि सलूनचे दरवाजे बंद झाले. घरोघरी आईने, बायकोने कात्री हातात घेतली. अनेकांनी शेवटी मशीन फिरवून गोटाच केला. व्यवसाय ठप्प झाल्याने नाभिक समाजाने ठिकठिकाणी आंदोलने केली. अखेर २८ जून २०२० पासून राज्यात सलून उघडली, तीही केस कापणे, रंगवणे, वॅक्सिंग आणि थ्रेडिंग एवढ्याच कामांसाठी. त्या तीन महिन्यांत ‘फक्त केस तर कापायचे’ हे वाक्य बऱ्याच जणांनी मागे घेतले.

या कामाचे रीतसर शिक्षणही आहे. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ पारंपरिक व्यवसायांत नाभिकांचा समावेश आहे. त्यात प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आणि पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंतचे कर्ज ५ टक्के व्याजाने मिळते. गावात राहून व्यवसाय उभा करू पाहणाऱ्या तरुणांना ही माहिती उपयोगाची आहे.

बिल घ्या, कारण…

२२ सप्टेंबर २०२५ पासून सलून आणि पार्लरच्या सेवांवरील जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. शाम्पू आणि केसांच्या तेलावरचा करही ५ टक्क्यांवर आला. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या लहान दुकानदाराला साधारणपणे जीएसटी नोंदणीच लागत नाही; त्यामुळे नोंदणी नसलेले दुकान बिलात जीएसटी लावू शकत नाही.

काम बिघडले तर ग्राहक संरक्षण कायदा लागू होतो, कारण ही पैसे देऊन घेतलेली सेवा आहे. दिल्लीतील एका पंचतारांकित हॉटेलच्या सलूनमध्ये एप्रिल २०१८ मध्ये एका महिलेचे केस सांगितल्यापेक्षा फार आखूड कापले गेले. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने सप्टेंबर २०२१ मध्ये तिला दोन कोटी रुपये भरपाई मंजूर केली. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ती रक्कम रद्द केली. भरपाईचा आकडा पुराव्यावर ठरला पाहिजे, असे सांगून प्रकरण आयोगाकडे परत पाठवले. वाद त्यानंतरही चालू राहिला. सामान्य ग्राहकासाठी धडा एवढाच : बिल, आधीचे आणि नंतरचे फोटो आणि वापरलेल्या उत्पादनाचा फोटो जपून ठेवा. पहिली तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर करता येते. जिल्हा आयोगाकडे जायचे तर मुदत दोन वर्षांची आहे.

लग्नघरासाठी वेळापत्रक

• तीन महिने आधी : रिबॉन्डिंग, स्मूदनिंग किंवा मोठा रंगबदल करायचाच असेल तर आता. नंतर नको.
• एक महिना आधी : टोके कापून घ्या. केसरचनेची एक चाचणी घ्या आणि फोटो काढून ठेवा. दागिने आणि गजरा कुठे बसणार हे त्याच वेळी ठरवा.
• एक आठवडा आधी : पांढरे केस झाकायचे असतील तर ४८ तासांच्या चाचणीनंतर, नेहमीच्याच रंगाने. नवे पाकीट उघडू नका.
• दोन दिवस आधी : रात्री खोबरेल.
• आदला दिवस : शाम्पू, शेवटी फिल्टरचे पाणी. पूर्ण वाळू द्या.
• मुहूर्ताचा दिवस : पुढून बटणे असलेला कपडा घालून बसा. अंबाडा झाल्यावर डोक्यावरून कपडा काढावा लागला तर सगळे फुकट जाते.

पार्लरमध्ये विचारायचे पाच प्रश्न

१. कोणते उत्पादन वापरणार? मूळ बाटली दाखवता का?
२. सरळ करण्याच्या क्रीममध्ये फॉर्मॅल्डिहाइड किंवा ग्लायऑक्सिलिक आम्ल आहे का?
३. रंगाची चाचणी आधी करून द्याल का?
४. एकूण किती पैसे होतील, केसांच्या लांबीनुसार वाढतील का?
५. बिल मिळेल का?

एका वाक्यात सांगायचे तर, पाण्याने उतरेल ते घरी करून पाहायला हरकत नाही. पाण्याने उतरणार नाही ते जाणत्या हाताकडे द्यावे. घरची वेणी बिघडली तर सोडून पुन्हा घालता येते. रसायनाने तुटलेली बट पुन्हा खांद्यापर्यंत यायला दोन-अडीच वर्षे लागतात, आणि लग्नाचे फोटो त्याआधीच भिंतीवर लागलेले असतात.